बोका पहाटे चारला उठवतो, कॉल चालू असला की बोंबलतो. काही उपाय?

अर्धवट_झोप:
मंडळी, आमच्याकडे एक बोका आहे. नाव बाजीराव. नाव लेकीने ठेवलं, तेव्हा तो मुठीएवढा होता आणि नाव गमतीचं वाटलं होतं. आता तो नावाला जागतोय. भगवा रंग, वय तीनच्या पुढे, ऑपरेशन झालेलं, लसी वेळच्या वेळी. धायरीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खिडक्या-गॅलरीला जाळ्या, त्यामुळे बाहेर हिंडणं अजिबात नाही.

तक्रार अशी की पहाटे चारच्या सुमारास स्वारी बेडरूमच्या दाराशी हजर होते. पहिलं म्याव हळू, लाडिक. मग सूर चढत जातो. दार लावून घेतलं तर खालच्या फटीतून पंजा घालून दार खडखडवतो. उघडं ठेवलं तर छातीवर येऊन बसतो. तरीही डोळे उघडले नाहीत तर उशाशी असलेल्या टेबलावरच्या वस्तू एकेक करून कडेला सरकवतो. ढकलण्याआधी माझ्याकडे बघतो, हे विशेष. इअरफोनची डबी पडली तर मी उठत नाही, चष्म्याला पंजा लागला की उठतो, हे त्याला पाठ झालंय. उठून वाटीत खाणं घातलं की दोन घास खायचे आणि साहेब सोफ्यावर गुडूप. माझी झोप गेली ती गेलीच.

दिवसा मी घरून काम करतो. कॉल लागला रे लागला की हा कीबोर्डवर. खाली उतरवला की पोटरीला पंजा. खोलीबाहेर काढला तर दाराशी असा टाहो फोडतो की पलीकडच्या माणसाने 'बाळ रडतंय का, कॉल नंतर करू या का' असं विचारलं.

आई म्हणते लाडावून ठेवलाय. बायको म्हणते त्याला कंटाळा येतो. हे कमी करता येतं का? 'मांजर असंच असतं' हे उत्तर आधीच मिळालेलं आहे, ते सोडून सांगा.

फुकटचा_सल्ला:
मांजर असंच असतं.

सायली_परांजपे_नाही:
हसून हसून पुरेवाट! चष्म्याला पंजा लागला की उठतो, हे वाचून आमच्या चिमाची आठवण झाली. ती लॅपटॉपच्या चार्जरची वायर दातात धरते. चावत नाही, नुसती धरते आणि बघते.

फोटो कुठेत? मांजराच्या धाग्यावर फोटो नसणे हा फाऊल आहे.

कुळथाची_पिठी:
गावच्या मांजरांना ही थेरं सुचत नाहीत. मालवणजवळच्या आमच्या घरी कायम तीन-चार मांजरं असायची. पाळलेली असं कोणी म्हटलं नसतं, घराला धरून असायची एवढंच. रात्री माळ्यावर उंदीर, पडवीत पाली, पावसात बेडूक. सकाळी मासेवालीची हाक आली की सगळी तिच्या पायांत. आजी बांगडे साफ करताना डोकी आणि आतडी बाजूला टाकायची, तेवढाच आमच्याकडून पगार. पहाटे कोणी कोणाला उठवायचं नाही, कारण पहाटे ती कामावर असायची. आजी म्हणायची, 'माजराक काम होया.'

चौथ्या मजल्यावर बाजीरावांना काम काय? ना उंदीर, ना बेडूक. मग तो तुमचीच शिकार करतो.

कडक_चहा:
एकदा दोन रट्टे द्या, पहाटेचं सगळं थांबेल. हल्ली मुलांना मारायचं नाही, मांजरांना मारायचं नाही, मग तक्रारीचे धागे काढायचे.

नेत्रा_ष:
@कडक_चहा, रट्ट्याने मांजर इतकंच शिकतं की हा माणूस धोक्याचा आहे. पहाटे चारला भूक लागणं आणि तुमचा हात यांचा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. वर घाबरलं की पलंगाखाली जाऊन गादीवर मुतायला लागतं, मग काढा पुढचा धागा. पाण्याचा फवारा मारा म्हणणाऱ्यांनाही हेच.

@अर्धवट_झोप, दोन प्रश्न. रात्री शेवटचं खाणं किती वाजता देता? आणि दिवसात त्याच्याशी खेळता का? खेळणं म्हणजे जाता-येता डोक्यावर हात फिरवणं नव्हे.

अर्धवट_झोप:
खाणं सकाळी (म्हणजे पहाटे चारलाच!), दुपारी एकदा आणि संध्याकाळी सातला. कोरडं खाणं, आणि अधूनमधून उकडलेलं चिकन. खेळणं... लेक शाळेतून आली की दहा मिनिटं चेंडू टाकते. तो बघतो. चेंडू लेकच आणते.

कडक_चहा यांना सांगायचं तर बायकोने तुमचा प्रतिसाद वाचलाय. मी आणखी काही बोलत नाही.

पोळीवर_तूप:
चेंडू लेकच आणते 😂 बोका तिला शिकवतोय.

गुरांचा_डॉक्टर:
माझी प्रॅक्टिस सांगलीकडे, मुख्यतः गायी-म्हशी. पण गेल्या काही वर्षांत मांजरं घेऊन येणारे खूप वाढलेत, त्यामुळे चार गोष्टी सांगतो.

मांजर निशाचर आहे असं सगळे म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. त्याची खरी जागी वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. उंदीर, पाखरं तेव्हाच हालचाल करतात. म्हणजे बाजीराव चारला उठतो यात बिघाड काही नाही. त्या वेळी तो तुमच्याकडे काय मागतो आणि तुम्ही काय देता, एवढंच तुमच्या हातात आहे.

दुसरं, आणि हे आधी बघायचं. पूर्वी शांत असलेलं मांजर एकाएकी ओरडायला लागलं तर 'लाड मागतंय' असं समजून गप्प बसू नका. विशेषतः बोका. वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा होतच नाही, आणि ओरडतो, असं दिसलं तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. बद्धकोष्ठ आहे समजून लोक एरंडेल पाजतात आणि तिसऱ्या दिवशी घेऊन येतात. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, मांजराला ते विष आहे.

मादी असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर माजावर आल्यावरचं ओरडणं वेगळं. त्याला ऑपरेशन हाच उपाय.

तुमच्या वर्णनावरून बाजीराव ठणठणीत वाटतो. तरी वर्षातून एकदा तपासणी होते ना?

अर्धवट_झोप:
होते. मागच्याच महिन्यात नेला होता. डॉक्टर म्हणाले वजन थोडं कमी करा. ट्रे रोज मीच साफ करतो, सगळं व्यवस्थित आहे. अडलेल्या मूत्रमार्गाचं माहीत नव्हतं, लिहून ठेवतो.

हिशेबनीस:
तुमचा बोका बिघडलेला नाही, उलट हुशार आहे. तो काय शिकलाय ते त्याच्या बाजूने बघा. एकदा ओरडलो, काही झालं नाही. आणखी ओरडलो, माणूस कुशीवर वळला. चष्म्याला हात लावला, वाटी भरली. पुढच्या वेळी तो थेट चष्म्यापासून सुरुवात का करणार नाही?

आता समजा तुम्ही ठरवलंत की उठायचं नाही. चार दिवस पाळलं, पाचव्या दिवशी सकाळी महत्त्वाचा कॉल होता म्हणून 'आजच्या दिवस' उठून खाणं घातलं. हे रोज उठण्यापेक्षा वाईट. मटका खेळणाऱ्याला रोज पैसे मिळाले असते तर तो ज्या दिवशी मिळाले नाहीत त्या दिवशी उठून गेला असता. कधीतरीच लागतो म्हणून तर तो बसून राहतो. मानसशास्त्रात स्किनरने उंदीर-कबुतरांवर हेच दाखवलं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यांत चिवट.

आणखी एक. दुर्लक्ष सुरू केलं की आधी ओरडणं वाढतं. नेहमीची किल्ली चालेना म्हणून तो जोरात फिरवून बघतो. बहुतेक लोक नेमके इथेच शरण जातात आणि 'दुर्लक्ष करून बघितलं, उलट वाढलं' असं सांगतात. ते वाढणं म्हणजे उपाय लागू पडत असल्याची खूण असते. तेवढा काळ कानात बोळे घालून काढायचा. घरातल्या सगळ्यांनी. एक जरी फितूर झाला तरी गड गेला.

फुकटचा_सल्ला:
बाजीरावाच्या धाग्यावर फितुरीचा विषय निघणारच होता.

मृण्मयी७:
हिशेबनीस यांना अनुमोदन, पण 'दुर्लक्ष करा' हे नुसतंच सांगितलं की मला राग येतो. प्राणी काहीतरी मागतोय. ते मागणं चुकीच्या वेळी आहे हे मान्य, पण योग्य वेळी ते मिळतंय का? दिवसभर दोन खोल्यांत बंद आणि पहाटे दुर्लक्ष, ही शिस्त नव्हे.

आमच्याकडे असं केलं. रात्री दहाला, झोपायच्या आधी, काठीला बांधलेलं पीस घेऊन दमवून खेळायचं. पीस त्याच्या तोंडापुढे नाचवायचं नाही. कुठला उंदीर मांजराच्या तोंडात येऊन नाचतो? ते पडद्यामागे न्यायचं, थांबवायचं, थोडं टोक दिसू द्यायचं, मग पळवायचं. मांजर मागचा भाग हलवायला लागलं की समजायचं आता झेप येणार. दोन-तीनदा पकडू द्यायचं. हरवून हरवून थकवलं तर चिडतं. आणि खेळ संपला की लगेच दिवसातलं सगळ्यांत मोठं जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्यांचा क्रमच आहे. तो रात्री दहाला लावून दिला की पहाट आपोआप पुढे सरकते.

लेझर वापरत असाल तर शेवटी ठिपका एखाद्या खाऊच्या तुकड्यावर आणून थांबवा. हाती काहीच न लागणारी शिकार कोणालाही वेड लावेल.

खेळ झाला की काठी आणि दोरा कपाटात. राखीचा दोरा, मांजा, सुईतला दोरा, काहीही बाहेर ठेवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. आतड्यात अडकला तर ऑपरेशन.

न्यूजर्सीकर:
आमच्याकडे टायमरवाला फीडर आणला. ठरलेल्या वेळी झाकण फिरतं आणि मोजून खाणं पडतं. फायदा असा की मांजर माणसाला उठवायचं सोडतं, कारण अन्नदाता आता यंत्र आहे. तोटा असा की ती आता पहाटे यंत्राला उठवते. पहिल्या आठवड्यात फीडर आडवा पाडला. मग मी तो भिंतीला पट्टीने बांधला. मग तिने पंजा आत घालून एकेक दाणा काढायची कला साध्य केली. मग दुसऱ्या कंपनीचा, अरुंद तोंडाचा आणला. सध्या तह आहे.

गंमत म्हणजे रोज पाच मिनिटं आधीच यंत्रापुढे शेपटी गुंडाळून बसते. ही वेळेची जाण माझ्या टीममध्ये कुणालाच नाही.

पोळीवर_तूप:
आम्ही शाकाहारी. आमची मनी दूधपोळी आणि दहीभातावर वाढली, तिने कधी कोणाला उठवलं नाही. हे विकतचं खाणंच मस्ती आणतं असं माझं मत.

गुरांचा_डॉक्टर:
@पोळीवर_तूप, तुमची मनी बाहेर जायची का? जात असेल तर तिचं खरं जेवण बाहेर होत होतं, दूधपोळी वरचा नैवेद्य.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच घ्यावा लागतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली स्पष्ट झाला, त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. कुत्र्याचं खाणंही म्हणूनच मांजराला चालत नाही. आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. घरात शिजवायचं नसेल तर विकतचं द्या, पण बंद खोलीतल्या मांजराला दहीभातावर ठेवू नका.

पोळीवर_तूप:
बाहेर जायची. शेजारच्या सारस्वतांकडे. आता लक्षात आलं तिथे काय चालायचं ते.

कुळथाची_पिठी:
😂😂 सारस्वतांचे आभार माना.

आरस्पानी:
कॉलवर 'बाळ रडतंय का' हे जे कोणी विचारलं, त्या माणसाचं फारसं चुकलं नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली मांजरांच्या घुरघुरीवर अभ्यास केला. मांडीवर निवांत बसलेल्या मांजराची घुरघुर आणि खायला मागतानाची घुरघुर वेगळी निघाली. मागणीच्या घुरघुरीत एक बारीक, उंच सूर मिसळलेला असतो, साधारण ३८० हर्ट्झचा, म्हणजे तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीत. ज्यांनी आयुष्यात मांजर पाळलं नाही अशा लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली.

तसंही मोठी मांजरं आपसात फारसं म्याव करत नाहीत. पिल्लं आईला बोलावायला करतात आणि मोठेपणी तो आवाज माणसांसाठी राखून ठेवतात. बाजीराव तुम्हाला आई समजतो.

अर्धवट_झोप:
बायकोला हा प्रतिसाद दाखवल्यावर ती म्हणाली, मग पहाटेची ड्यूटी आईचीच.

अवलिया_बर्नकर:
आम्ही स्वित्झर्लंडमध्ये. इथे मांजर आणायच्या आधी ब्रीडरने आमचीच मुलाखत घेतली. २००८ च्या इथल्या प्राणिसंरक्षण नियमावलीत लिहिलंय की एकटं पाळलेल्या मांजराला रोज माणसांचा सहवास मिळाला पाहिजे, नाहीतर निदान दुसरी मांजरं नजरेला पडली पाहिजेत. म्हणजे 'माझ्याकडे लक्ष द्या' ही इथे मांजराची कायदेशीर मागणी आहे. 🙂

बर्नमध्ये जुन्या इमारतींना बाहेरून मांजरांसाठी लाकडी शिड्या लावलेल्या असतात, चौथ्या मजल्यापर्यंत सुद्धा. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं रंगारी विसरून गेले.

धायरीत शिडी लावा असं म्हणत नाही. पण खिडकीला जाळी आहे तर तिथे रुंद फळी ठोका, कबुतरं बघायला. आमची बया त्या फळीवर तास न् तास बसते. त्यांना उंची लागते. घरात फडताळाच्या माथ्यावर जायला वाट करून दिली तर कीबोर्डचा मोह कमी होतो. तुमच्या टेबलाशेजारी, तुमच्या खांद्याच्या उंचीला, एक जागा फक्त त्याची करा. कीबोर्ड त्याला आवडत नाही, तुमचं लक्ष जिथे आहे तिथे त्याला बसायचं असतं.

कडक_चहा:
मांजरासाठी सुतार बोलवा. वा. आमच्या वडिलांनी आमच्यासाठी अभ्यासाचं टेबल केलं नव्हतं.

नेत्रा_ष:
@कडक_चहा, म्हणून राग मांजरावर काढताय होय.

कडक_चहा:
हलके घ्या हो.

तिरंगी:
अवांतर: भगवे बोके जास्त आगाऊ असतात असं सगळीकडे ऐकलंय. खरं का?

आरस्पानी:
भगव्यांत बोके जास्त असतात हे खरं, पाचात साधारण चार. कारण भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे एकदा मिळालं की झाला भगवा. मादीला दोन्हीकडून मिळावं लागतं. एकाच एक्सवर मिळालं तर ती तुमच्या आयडीसारखी, भगवा-काळा मिसळलेली. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. हे जनुक नेमकं कोणतं ते २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी प्रसिद्ध केलं. त्याचं नाव एआरएचजीएपी३६, ते लक्षात ठेवायची गरज नाही. आगाऊपणा त्यात आहे असं काही त्यांनी म्हटलेलं नाही.

फुकटचा_सल्ला:
भगवा रंग आणि आगाऊपणा यावर चर्चा इथेच थांबवा, नाहीतर अॅडमिन धाग्याला कुलूप लावतील.

मोगरा_२:
दुसरं मांजर आणा. एकमेकांशी खेळतात, तुमच्यामागची भुणभुण थांबते. आमच्याकडे दोघी भावंडं एकदमच आणल्या, सुरुवातीपासून त्रास नाही.

मृण्मयी७:
@मोगरा_२, पिल्लं असताना जोडीने आणली तर उत्तमच. पण तीन वर्षं एकट्याने राज्य केलेल्या बोक्यासमोर नवीन मांजर सोडणं म्हणजे जुगार. जमलं तर जमलं. नाही जमलं तर दोन ट्रे, दोन वाट्या, दोन खोल्या आणि पहाटे चारला दोन आवाज. आणायचंच तर पहिले काही आठवडे वेगळ्या खोलीत, आधी वासाची ओळख, मग दाराच्या फटीतून, मग समोरासमोर. बाजीरावाचा प्रश्न सोडवायला म्हणून आणू नका, तुम्हाला दुसरं मांजर हवं असेल तरच आणा.

वाड्यातली_बाई:
सगळे तरुण मांजरांबद्दल लिहीत आहेत म्हणून मी माझ्या म्हातारीचं लिहिते.

आमची गुलाबो तेरा वर्षांची. आयुष्यभर अबोल. मग रात्री अचानक मधल्या खोलीत उभी राहून लांब, घोगरं ओरडायला लागली. मी उठून गेले की गप्प, परत आले की सुरू. सगळ्यांनी सांगितलं वय झालं, लक्ष वेधून घेते, दुर्लक्ष करा. खाणं मात्र दुप्पट झालं होतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागत होता. अंगावरचे केसही विस्कटलेले. उचलून घेतलं की छातीतली धडधड माझ्या हाताला जाणवायची. तपासणीत थायरॉइड वाढलेलं निघालं, आणि रक्तदाबही. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रात्रीचं ओरडणं खूपच कमी झालं. गोळी लोण्यात घालून देते, ती लोणी चाटून गोळी फरशीवर ठेवते, पण ते असो.

वयस्क मांजर नव्याने मागणी करायला लागलं, पाणी जास्त प्यायला लागलं, जास्त खाऊनही वाळायला लागलं, तर वरचे सगळे उपाय बाजूला ठेवून आधी रक्त तपासा.

गुरांचा_डॉक्टर:
वाड्यातली_बाई यांना १०० टक्के अनुमोदन. जास्त खाऊन वजन उतरणं ही मोठी खूण. आणि पाणी-लघवी वाढली असेल तर मूत्रपिंडंही बघायची. म्हाताऱ्या मांजरांत दोन्ही एकत्र सापडतात. रक्तदाबाने नजर गेलेली मांजरंही रात्री अशी ओरडतात, घरच्यांना अंदाजही नसतो. गोळी लोण्याऐवजी चिकनच्या बारीक गोळ्यात द्या, आणि मागे लगेच दुसरा रिकामा गोळा दाखवा. घाईने गिळते.

वाड्यातली_बाई:
रिकामा गोळा! आज करून बघते.

अर्धवट_झोप:
सर्वांना धन्स. बरेच दिवसांनी लिहितोय, कारण मध्ये युद्ध चालू होतं.

रात्रीचा खेळ सुरू केला. मृण्मयी७ यांनी सांगितल्याप्रमाणे पीस पडद्यामागे नेलं आणि बाजीराव पडद्याच्या दांडीसकट खाली आला. हा बोका उडी मारू शकतो हे आम्हाला आजवर माहीत नव्हतं. दहाला खेळ, साडेदहाला जेवण. दिवसाचं एकूण खाणं तेवढंच, वाटणी बदलली. न्यूजर्सीकरांसारखा फीडर मागवला, सकाळी सहाला लावला. पहाटे मात्र आम्ही दोघं मेल्यासारखे पडून. हिशेबनीस म्हणाले तसं ओरडणं आधी भयंकर वाढलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये चौकशी केली.

आणि एवढं करून ते कमीच होईना. चारला ओरडायचा, साडेचारला एकदम गप्प. आम्हाला वाटलं विजय. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला हजर. शेवटी एकदा पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्याशी उभी, बाजीराव तिच्या पायाशी, आणि आईच्या हातात सायीची वाटी. 'ओरडून ओरडून घसा सुकतो रे त्याचा,' म्हणे. 'लाडावून ठेवलाय' म्हणणारी हीच.

हिशेबनीस:
फितूर.

पोळीवर_तूप:
आजी झिंदाबाद!

गुरांचा_डॉक्टर:
साय बंद करा. वजन कमी व्हायला हवं ना?

न्यूजर्सीकर:
आईंना कसं पटवलंत? आमच्याकडे सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत, आधीच तयारी करतो.

अर्धवट_झोप:
@न्यूजर्सीकर, पटवलं नाही, पद दिलं. फीडर परत पेटीत गेला (आईचं म्हणणं, यंत्राच्या हातचं खाऊन कोणाचं पोट भरतं का). आई तशीही साडेपाचला उठते. आंघोळ आणि स्तोत्रं झाली की साडेसहाला बाजीरावांचा नाश्ता ती मोजून देते, त्याआधी नाही, कितीही घसा सुकला तरी. मोजायला लेकीच्या औषधाचं माप दिलंय. आता घरात इतर कोणी त्याला काही दिलं तर तीच ओरडते. चारची पाळी साडेपाचवर आली आहे, आणि साडेपाचला तो आईच्या पाटाशेजारी जाऊन बसतो. ओरडत नाही. स्तोत्रं चालू असताना अधूनमधून एक म्याव घालतो, ते आईला चालतं.

दिवसाचं अजून अर्धवटच. टेबलाशेजारी स्टूलवर जुनी चादर घालून जागा केली. कॉल एकट्याचा असेल तर तिथे झोपतो. तीनपेक्षा जास्त माणसं बोलायला लागली की उठून कॅमेऱ्यासमोर येतो. यावर कोणाकडे काही असेल तर सांगा.

अवलिया_बर्नकर:
कॉलच्या दहा मिनिटं आधी खेळवून थोडं खायला घाला, किंवा खाणं एखाद्या छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकून द्या, काढत बसेल. आणि तो स्टूलवर गप्प बसलेला असताना त्याच्याकडे बघत जा, पाठ खाजवत जा. बहुतेकजण मांजर शहाण्यासारखं वागत असतं तेव्हा त्याला विसरतात, त्रास द्यायला लागलं की मगच दखल घेतात.

नेत्रा_ष:
हा शेवटचा मुद्दा नवऱ्यांनाही लागू आहे. धागा भरकटवत नाही, जाते.

फुकटचा_सल्ला:
फोटो राहिलाच.

अर्धवट_झोप:
संध्याकाळी टाकतो. पडद्याच्या दांडीचाही टाकू का?

तिरंगी:
दांडीचा आधी टाका. जाता जाता, आमची मांजर पहाटे फक्त नवऱ्यालाच उठवते, मला ओलांडून पलीकडे जाते आणि त्याच्या नाकाला पंजा लावते. इथले उपाय वाचून तो उद्यापासून उठायचं नाही म्हणतोय. त्याने उठणं बंद केलं तर ती माझ्याकडे वळेल का?

हिशेबनीस:
वळेल. त्यांना हा धागा वाचू देऊ नका.